आत्या हरून आली तेव्हा

कुंदाआत्या टोकियोजवळच्या उरायासुला आमच्याकडे आली तेव्हा चेरीचा बहर संपत आला होता आणि पाकळ्या भिजून गटाराच्या जाळ्यांवर चिकटल्या होत्या. ती बाबांची थोरली बहीण. दोन आठवड्यांसाठी म्हणून आली आणि उकाडा जाणवायला लागेपर्यंत राहिली. आमचा भाग समुद्रात भराव टाकून केलेला. रस्ते गरजेपेक्षा रुंद, झाडं सगळी एका वयाची, आणि वारा असा की बाल्कनीतले कपडे सतत कोणाला तरी हाक मारत असल्यासारखे फडफडायचे. आमच्या फ्लॅटमधली तातामीची खोली, म्हणजे गवती चटयांची जमीन असलेली ती एक लहान खोली, आत्याला दिली होती. पहिले कितीतरी दिवस ती तिथे नुसती झोपून होती. मी शाळेतून यायचे तेव्हा सरकत्या दाराची फट बोटभर उघडी असायची आणि आत तिचे पांढरे केस उशीवर पसरलेले दिसायचे. आई मला खुणेनेच गप्प करायची. घरात कोणी आजारी नव्हतं, पण आम्ही सगळे मोजे घालून चालल्यासारखे चालत होतो.

आत्या कोण होती हे मला बाबांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. लग्न होऊन ती दादरहून इंग्लंडला गेली, उत्तरेकडच्या एका गिरणगावात, जिथल्या गिरण्या तोवर बंद पडल्या होत्या. काका औषधांच्या दुकानात होते. आत्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिंगला लागली आणि टाइप करता करता त्या कागदांत गुंतत गेली. सॉलिसिटर म्हणजे काळा डगला घालून कोर्टात भांडतो तो नव्हे, असं बाबा समजावून सांगायचे. लोक आधी ज्याच्यासमोर येऊन बसतात आणि रडतात तो. संध्याकाळी अभ्यास करून ती स्वतः सॉलिसिटर झाली. कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत तिने स्वतःचं ऑफिस थाटलं. घरमालकाने बाहेर काढलेले, पगार बुडालेले, व्हिसाचे कागद न कळणारे, असे सगळे तो लाकडी जिना चढून यायचे. काका गेल्यावर त्याच लोकांनी तिला निवडणुकीला उभं केलं, आणि ती चक्क ब्रिटिश पार्लमेंटात जाऊन बसली. एकदा नाही, दोनदा. मुंबईच्या घरी तेव्हा पेढे वाटले होते. आमच्या फ्रिजवर तिचा फोटो होता, हिरव्या बाकांच्या त्या सभागृहात उभी राहून बोलताना, एक हात किंचित पुढे केलेला. तिसऱ्या खेपेला ती हरली. त्याबद्दल घरात कोणी काही बोललं नाही. फोटो मात्र आईने ती यायच्या आधी काढून ठेवला, आणि मग काढला हेच तिच्या लक्षात येईल म्हणून परत लावला.

मी तेव्हा जपानी हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझं मराठी म्हणजे आईच्या प्रश्नांना जपानीत दिलेली उत्तरं. आई विचारायची, "इरा, जेवलीस का?" आणि मी म्हणायचे, "ताबेता." इंग्रजी शाळेतलं, परीक्षेपुरतं. त्यामुळे आत्याशी बोलायचं तर मराठीशिवाय इलाज नव्हता. तिचं मराठी तिने देश सोडला त्या दिवसावर थांबलेलं होतं; ती 'इस्पितळ' म्हणायची, 'तबकडी' म्हणायची, आणि माझं मराठी अजून कुठून सुरूच झालेलं नव्हतं. आम्ही दोघी संध्याकाळी बाल्कनीत बसून एकमेकींना शब्द द्यायचो. खाडीवर धुकं असलं की समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ पुसून जायची आणि एखादं जहाज हवेत टांगल्यासारखं दिसायचं. पाच वाजता नगरपालिकेच्या भोंग्यातून मुलांना घरी जायची आठवण करून देणारी धून वाजायची. दूरच्या दुसऱ्या भोंग्यातून तीच धून क्षणभर उशिरा यायची आणि दोन्ही एकमेकींत विरघळायच्या. आत्या ते ऐकताना डोळे मिटायची. आज मी मराठीत लिहिते आहे, जमेल तसं का होईना, त्यात त्या बाल्कनीचा मोठा वाटा आहे.

आई दुपारी बेंतोच्या दुकानात आरुबाइतोला जायची, म्हणजे तासांवरच्या कामाला. डबे भरायचे, भाताच्या मुदीवर तीळ टाकायचे. येताना ती उरलेलं तळण आणायची आणि आत्यासाठी वेगळा मऊ भात लावायची. आत्या चार घास खाऊन ताट सरकवायची. टोकियोतल्या निशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीतल्या मराठी मंडळींना ती आल्याची कुणकुण लागली होती. त्यांना तिचा सत्कार करायचा होता, शाल-श्रीफळ देऊन, आणि तिने तरुण पिढीला दोन शब्द सांगावेत अशी इच्छा होती. आईने फोनवर आधी प्रवासाचा शीण सांगितला, मग सर्दी सांगितली, मग गुडघा सांगितला. शेवटी तिसऱ्या फोनला आत्यानेच रिसीव्हर मागून घेतला आणि अतिशय गोड आवाजात, जराही न अडखळता, नको म्हणून सांगितलं. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. फोटोतल्या बाईचा असावा असा.

मग इंग्लंडहून फोन यायला लागले. तिच्या पक्षाचे लोक. शेजारच्या मतदारसंघाचा माणूस निवृत्त होणार होता, जागा पक्की होती, आत्याने फक्त हो म्हणायचं होतं. बाबा हरखून गेले. बाबा एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम बघायचे, दर थोड्या वर्षांनी त्यांचा करार पुढे वाढायचा, आणि पक्की जागा या शब्दाचं त्यांना किती अप्रूप होतं हे मला आता समजतं. ते रोज जेवताना तो विषय काढायचे. एकदा ते म्हणाले, "ताई, हरणं काय, होतंच असतं. तू कामाची माणूस आहेस. इथे अशी पडून राहिलीस तर गंजशील." आत्या ताटातल्या वरणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सुरेश, मी हरले त्याचं मला काही नाही रे." बाबांनी विचारलं, मग कशाचं आहे. तिने वाटी आईपुढे केली. आईने ताक वाढलं. त्या दिवसापासून बाबा आणि आत्या एकमेकांशी फार जपून बोलायला लागले, आणि भावा-बहिणीने जपून बोलणं मला भांडणापेक्षा वाईट वाटलं.

आत्या फिरायला जायला लागली ती बहुधा त्या जेवणापासून पळायलाच. एका सकाळी ती कालव्याच्या काठाने चालत चालत पार जुन्या गावात पोचली. उरायासुचा तो भाग भरावाच्या आधीचा, कोळ्यांचा. बोळ अरुंद, घरं लाकडी, आणि अजूनही ओहोटीसारखा वास. एका घराच्या पायरीशी पाण्याने भरलेलं घमेलं होतं आणि त्यात शिंपल्या. पोटातली वाळू त्यांनी बाहेर टाकावी म्हणून खाऱ्या पाण्यात ठेवलेल्या. आत्या तिथेच उकिडवी बसली आणि मोठ्याने म्हणाली, "तिसऱ्या." आतून एक म्हातारी आली, तिने घमेल्याकडे बोट दाखवून म्हटलं, "आसारी." एवढ्या संभाषणावर आत्या पिशवीभर तिसऱ्या घेऊन घरी आली आणि आल्यापासून पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरली. ओलं खोबरं नव्हतं, निशी-कसाईच्या दुकानातला सुका कीस होता, तो तिने कोमट पाण्यात भिजवला. कांदा, आमसूल, हळद, तिखट. शिंपल्या कढईत उघडताना टक् टक् असा आवाज होत होता आणि आई ओट्याला टेकून नुसती बघत होती. त्या दिवशी आत्या जेवली. बोटं चाटून जेवली.

म्हातारीचं नाव हामादा-सान. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि आत्या मला घेऊन तिच्याकडे डबा द्यायला गेली. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत तिकडेही आहे आणि इकडेही, त्यामुळे पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो, मग त्याच्या पुढच्या. मी मधे बसायचे. हामादा-सानच्या मागच्या अंगणात एक फळकूट होतं, त्यावर आम्ही तिघी, समोर घमेलं, आणि शिंपल्या पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडवायच्या त्याचा आवाज. हामादा-सान तरुणपणी शिंपल्या सोलायच्या कामाला होती. तिचे अंगठे त्यामुळे बाहेरच्या बाजूला वळलेले. ती मला म्हणाली की तुमची इमारत आहे ना, तिथे मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलेली आहे. मी ते आत्याला सांगितलं. आत्याने वळून आमच्या इमारतींकडे पाहिलं, उन्हात त्या काचेच्या असल्यासारख्या चमकत होत्या, आणि मला खरंच क्षणभर वाटलं की आम्ही सगळे पाण्याखालीच राहतो.

अशाच एका शनिवारी हामादा-सानने विचारलं की तुझी आत्या काम काय करते. मी सांगितलं, इंग्लंडच्या पार्लमेंटात होती, निवडणुकीत हरली. हामादा-सानने आत्याकडे नीट बघितलं. मग मला म्हणाली की हरलेली माणसं आपल्या गावातही पाहिली आहेत, ती चिडचिड करतात; ही तर घरातलं कोणी गेल्यासारखी दिसते. हे सांगावं की नाही मला कळेना. आत्या म्हणाली, "काय म्हणतायत? जसं म्हणतायत तसं सांग." मी सांगितलं.

आत्याने घमेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं. मग मराठीत बोलायला लागली, घमेल्याकडे बघत, एकेक वाक्य. नंतर मला वाटलं की इंग्रजीत तिच्याकडे या सगळ्याची तयार वाक्यं होती, वर्तमानपत्रांसाठी, पक्षासाठी. मराठीत एकही नव्हतं. सुरुवातीला मी म्हणत होते, आत्या असं सांगते आहे की ती, मग ती. जपानीत कर्ता गाळून बोलतात, त्यामुळे ती कोण, आत्या की दुसरी बाई, याचा पार गुंता झाला. हामादा-सान दर वाक्याला विचारायला लागली, कोण? कोण गेलं? कोण घाबरलं? शेवटी मी 'आत्या सांगते' सोडून दिलं आणि 'वाताशी' म्हणायला लागले. वाताशी म्हणजे मी.

मी सांगितलं की आमच्या गावात एक लहान इस्पितळ होतं आणि त्यातला बाळंतपणाचा विभाग बंद करायचं ठरत होतं. मी तपासलं, डॉक्टरांशी बोलले. शेजारच्या मोठ्या शहरात बायका जास्त सुरक्षित राहतील असं सगळे म्हणाले, मला ते पटलं. मी गावाला तसं सांगितलं, पाठिंबा दिला. आजही मला ते चूक होतं असं वाटत नाही. विभाग बंद झाला, आणि मग हंसाबेनची सून रात्री अडली. हंसाबेन म्हणजे माझी अशील, मी सॉलिसिटर असताना तिचं घर वाचवलं होतं, तिच्याकडे मी कितीदा जेवले आहे. शहराच्या वाटेवर, अँब्युलन्समध्येच, बाळ गेलं. मला जायचं होतं. पक्षाच्या लोकांनी सांगितलं, आत्ता गेलात तर चूक कबूल केल्यासारखं होईल, फुलं पाठवा. मी फुलं पाठवली. निवडणूक आली तेव्हा मी गावातली प्रत्येक गल्ली फिरले. हंसाबेनच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली.

सोळा वर्षांच्या मुलीने 'माझ्या अशिलाच्या घरातलं बाळ गेलं' असं म्हणणं विचित्र होतं. पण मी ते माझंच असल्यासारखं म्हणून गेले. ते आत्याचं दुःख होतं की माझं, हे वेगळं काढता येईना. पुढे माझा सगळा जन्म न्यायालयांत दुभाषेपणा करण्यात गेला. तिथे नियमच आहे की साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी' म्हणायचं. नवीन मुलं यायची, त्यांना ते जड जायचं. मला ते पहिल्या दिवसापासूनच जड गेलं नाही.

हामादा-सानने एक शिंपली पाण्यातून काढून पुसली आणि परत ठेवली. मग ती स्वतःबद्दल बोलायला लागली. भराव टाकायचं ठरलं तेव्हा कोळ्यांना समुद्रावरचा हक्क सोडायचा होता. सभेत तिच्या नवऱ्याने सोडायच्या बाजूने हात वर केला. पाणी तोवर कारखान्यांनी घाण झालंच होतं, मुलं शिकवायची होती. शेजारच्या घराने विरुद्ध हात वर केला होता. त्या घरातली बाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण, दोघी एका बोटीत शिंपल्या काढायच्या. ती मैत्रीण हिच्याशी बोलायची थांबली. हामादा-सानही गेली नाही, आज जाऊ, उद्या जाऊ. शेवटी गेली ती मैत्रीण वारल्यावर, तिच्या फोटोसमोर उदबत्ती लावायला. हामादा-सान म्हणाली, "जिवंत असताना गेले असते तर तिने मला दोन शिव्या तरी घातल्या असत्या. फोटो काही बोलत नाही."

आणि मग तिने आत्याला एक प्रश्न विचारला. कोणी वारलं की त्या घरी जाऊन उदबत्ती लावायची ही जपानी रीत, आणि प्रश्न तसाच होता. त्याला मराठीत काय म्हणतात मला माहीत नव्हतं. मी शब्दाला शब्द ठेवला, आणि एरवी मी आत्याला 'अगं तूगं' करणारी, पण हामादा-सानचं बोलणं म्हणून आपोआप तोंडातून तुम्ही आलं. मी म्हटलं, "तुम्ही अजून उदबत्ती लावायला गेला नाहीत?"

आत्याने मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती, हामादा-सानकडे नाही. म्हणाली, "समाचाराला. आपल्यात समाचाराला जाणं म्हणतात." मग, "नाही. नाही गेले." मी तेवढंच जपानीत म्हटलं. हामादा-सान आत जाऊन चहा घेऊन आली. आम्ही तो प्यालो. पाच वाजता भोंगे वाजले, एक जवळचा आणि एक लांबचा.

त्या आठवड्यात आत्याने तिकीट काढलं. बाबांना वाटलं ती त्या जागेसाठी निघाली, आणि तिने त्यांना तसं वाटू दिलं. निघताना आईने पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या. हामादा-सानकडे निरोप घ्यायला मी आणि आत्या गेलो तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करत राहिल्या. एकीने थांबावं तर दुसरी पुन्हा वाकायची, आणि मी मधे बिनकामाची उभी होते.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. आत्या पुन्हा कधी निवडणुकीला उभी राहिली नाही. ती त्या कापडाच्या दुकानावरच्या खोलीत परत गेली. हंसाबेनच्या सुनेची केस रीतसर चौकशीला गेली. आत्याने ती दुसऱ्या सॉलिसिटरकडे सोपवली, कारण तिला स्वतःला साक्ष द्यायची होती: मला काय सांगण्यात आलं, मी काय मानलं आणि गावाला काय सांगितलं. बाळंतपणाचा विभाग बंद झाला त्याच सुमाराला गावातली रात्रीची अँब्युलन्सही कमी केली होती, आणि हे तिला दाखवलेल्या कुठल्याही कागदात नव्हतं, असं त्यातून बाहेर आलं. तिच्या पक्षातल्या बऱ्याच लोकांनी तिच्याशी संबंध तोडले. अँब्युलन्स मात्र परत आली. त्या सुनेचं बाळ काही परत आलं नाही, आणि चौकशीने तिला कितपत बरं वाटलं हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. आत्या गेल्यानंतर काही दिवसांनी, रविवारी सकाळी, तिचा फोन आला. बाबा पोहे करत होते. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, पक्षाला काय कळवलंस. आत्या म्हणाली की नाही म्हणून कळवलं. बाबांच्या हातातला झारा तसाच राहिला. आत्या म्हणाली, "इरा आहे का तिथे? तिला ऐकू दे."

आत्या हंसाबेनकडे गेली होती. दार सुनेने उघडलं, चोवीस-पंचवीसची पोरगी, जिला आत्याने आधी कधी पाहिलंच नव्हतं. आतून हंसाबेनने विचारलं कोण आहे, आणि ती मुलगी म्हणाली, माहीत नाही. तेव्हा आत्याला दारात उभं राहून आपलं नाव सांगावं लागलं. हंसाबेन बाहेर आली. तिने काय काय ऐकवलं ते आत्याने आम्हाला सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की सगळं गुजरातीत होतं आणि सगळं समजलं. हंसाबेन बोलून बोलून दमली आणि पायरीवर बसली. आत्याही बसली. मुलगी इतका वेळ दाराला धरून उभी होती. मग तिने इंग्रजीत एकच विचारलं, त्या रात्री गाडीला एवढा उशीर का झाला, हे आजपर्यंत मला कोणी सांगितलं नाही, तुम्हाला माहीत आहे का.

"मला माहीत नव्हतं," आत्या फोनवर म्हणाली. "मी म्हटलं, मला माहीत नाही, पण मी शोधून काढते. मग तिने मला आत बोलावलं."

बाबांनी गॅस बंद केला. पोहे खाली लागले होते. ते फोनकडे वळून म्हणाले, "ताई, कागदपत्रं नीट ठेव हं सगळी." तिकडून आत्या हसली. तिचं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.